कृष्णविवराचा फोटो खरा कशावरून?

विज्ञान कोपरा : इयत्ता सातवी

आपल्या वर्गात विज्ञानाच्या तक्त्यावर एक चित्र लावलेले आहे. मधे काळे आणि भोवती नारंगी कडे. कुणी त्याला मेदूवडा म्हणते, कुणी चुलीतला निखारा. मागच्या पालकसभेला आमचे आजोबा आले होते. त्यांनी चष्मा वर करून चित्राखालचे सगळे वाचले आणि मला विचारले, "पोरी, हा फोटो कुठला?"

मी ऐटीत सांगितले, "आजोबा, हे कृष्णविवर. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध आहे. सत्तावीस हजार प्रकाशवर्षं लांब."

आजोबा म्हणाले, "मग तिथं कॅमेरा घेऊन कोण गेलं होतं? आणि विवर काळं, तर फोटो निघंल कसा? बनवलेला असंल."

मला उत्तर आले नाही. आजोबा या सभेलाही येणार आहेत, आणि भित्तिपत्रक डावीकडून उजवीकडे पुरते वाचल्याशिवाय ते चहाला हात लावत नाहीत. म्हणून हा लेख. पुस्तके गुरुजींनी दिली, गणिते फळ्यावर करून घेतली, आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी आम्ही खोडदला जाऊन आलो, त्याचाही उपयोग झाला.

आधी कृष्णविवर म्हणजे काय ते पाहू. चेंडू वर फेकला की खाली येतो. जोरात फेकला तर जरा उशिराने येतो. सेकंदाला ११.२ किलोमीटर इतक्या वेगाने फेकता आला, तर मात्र तो पृथ्वीवर परतच येणार नाही. आता अशी जागा मनात आणा की जिथून सुटायला प्रकाशाचा वेगही, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर, कमी पडतो. तिथून उजेडसुद्धा बाहेर येत नाही. ते कृष्णविवर. हा शब्द मराठीत आता जुना झाला. १९७४ साली डॉ. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' नावाची विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, तीही 'नारायण विनायक जगताप' या खोट्या नावाने. (स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी केली, बरे का!) परीक्षकांनी नाव पाहून नव्हे, कथा वाचून गुण द्यावेत म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे अशीच एक येणार आहे.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचे कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांइतके जड आहे. हे वजन कसे कळले? त्याच्याभोवती तारे फिरतात. एक तारा तर सोळा वर्षांत फेरी पुरी करतो. किती अंतरावरून किती वेगाने फिरतो हे पाहिले की मधल्या वस्तूचे वजन निघते. हे काम वर्षानुवर्षे चिकाटीने करणारे राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. एवढे जड असूनही ते विवर सूर्याच्या जागी आणून ठेवले, तर बुधाच्या कक्षेच्या आतच मावेल.

आता आजोबांचा दुसरा प्रश्न आधी घेते, तो सोपा आहे. काळ्याचा फोटो कसा निघतो? रात्री दिव्याच्या उजेडात दारात माणूस उभा राहिला तर त्याचे तोंड दिसत नाही, पण आकार स्वच्छ दिसतो. विवराभोवती तापलेला वायू गरगर फिरत असतो. तो रेडिओ लहरी बाहेर टाकतो. विवर त्या लहरी वाकवते आणि काही गिळते. म्हणून भोवती चमकते कडे आणि मधे सावली दिसते. फोटो आहे तो त्या सावलीचा. आणि नारंगी रंग? तो नंतर दिलेला आहे. रेडिओ लहरींना रंग नसतो. जिथे लहरी जोरात तिथे पिवळट, जिथे मंद तिथे तांबडे, असे ठरवून रंगवलेले आहे. तेव्हा आजोबा, रंग बनवलेला आहे हे तुमचे म्हणणे खरे.

आकार मात्र बनवलेला नाही. तो कसा मिळाला हे सांगायला आधी खोडदला जायला हवे.

खोडद आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ आहे. आमची एस.टी. नारायणगाव सोडून पुढे गेली तशी उसाच्या आणि टोमॅटोच्या शेतांमागे पांढुरक्या तबकड्या दिसू लागल्या. जवळ गेल्यावर मान मागे टाकून पाहावे लागते. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद. आपली शाळा पटांगणासकट तिच्यात बसेल. अशा ३० आहेत. त्यांतल्या १४ मधे सुमारे एक किलोमीटरच्या चौकात, आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर लांब लांब पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोघींमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर. या सगळ्या मिळून एकच दुर्बीण होते. तिला जीएमआरटी म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती राष्ट्राला अर्पण झाली.

ही कल्पना डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची. त्यांची सुरुवातही आपल्या महाराष्ट्रातच झाली. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या सहा-सहा फुटी ३२ लहान तबकड्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली कल्याणजवळ मांडल्या आणि सूर्याचा अभ्यास केला. मग १९७० साली उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण केली. आणि मग खोडद. मोठी तबकडी ओतीव पत्र्याची केली तर फार जड होते, वाऱ्याने हेलपाटते, आणि खर्च झेपत नाही. म्हणून खोडदच्या तबकडीला पत्राच नाही! तारांचे दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली आहे. बाजेला सुतळी ताणतो ना, तसे समजा. जाळीची भोके १ ते २ सेंटिमीटरची. वारा आरपार जातो.

"मग लहरीसुद्धा आरपार जातील की," असे आमच्यातल्या एकाने विचारले. तिथल्या ताईंनी सांगितले की लहर लांब असेल तर जात नाही. ६२० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४८ सेंटिमीटर, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा जवळजवळ एक हात. एवढ्या लहरीला बोटभर रुंदीची भोके दिसतच नाहीत. ती जाळीवरून भिंतीवरून परतावी तशी परतते.

गेटावर सगळ्यांना मोबाईल बंद करायला लावले. त्याचे कारण आमच्या घरच्या जुन्या रेडिओवरून मला लगेच कळले. विहिरीवरची मोटर चालू झाली की आमच्या रेडिओत खरखर सुरू होते आणि बातम्या जातात. आकाशातून येणाऱ्या लहरी तर त्या बातम्यांपेक्षा कितीतरी क्षीण असतात. खरे तर या शास्त्राचा जन्मच खरखरीतून झाला. कार्ल जान्स्की नावाचा अमेरिकन अभियंता रेडिओ-टेलिफोनमधली खरखर कुठून येते ते शोधत होता. वीज कडाडते त्याची एक खरखर सापडली, लांबच्या वादळांची दुसरी सापडली. तिसरी मात्र जाईना. १९३३ साली त्याने सांगितले की ती आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेने येते. म्हणजे आपल्या चित्रातल्या विवराच्याच दिशेने!

खोडदच्या आसपास म्हणूनच उद्योगांवर बंधने आहेत. पुणे–नाशिक नवी रेल्वे नारायणगावावरून नेण्याचे ठरत होते तेव्हाही पेच पडला. गाडीमुळे दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल म्हणून मार्ग बदलायची वेळ आली. तिकडच्या लोकांना गाडी हवी होती. हे मी घरी सांगितले तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या आजोबांची भातखाचरे मुळशी धरणात गेली, वीज मुंबईला गेली. ते एवढेच म्हणाले, "तिथल्या लोकांना नीट समजावून सांगितलं होतं का, ते विचार पुढच्या वेळी." मी वहीत लिहून ठेवले आहे.

असो. आता अनेक तबकड्यांची एक दुर्बीण कशी होते? धरणाच्या कडेला तुम्ही दोघे लांब लांब उभे राहा आणि तिसऱ्याने पाण्यात धोंडा टाकू दे. लाट आधी एकाच्या पायाशी येईल, मग दुसऱ्याच्या. किती मागून आली ते मोजले तर डोळे मिटूनही धोंडा कोणत्या बाजूला पडला ते सांगता येते. तुम्ही जितके लांब उभे, तितका अंदाज नेमका. तबकड्यांच्या प्रत्येक जोडीत हेच मोजतात. ३० तबकड्यांच्या जोड्या किती? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. प्रत्येक जोडी एक माहिती देते. ठिपक्यांच्या रांगोळीतला एकेक ठिपका म्हणा. ठिपका म्हणजे चित्राचा तुकडा नव्हे, रेघा कुठून जाव्यात याची खूण.

मग खोडदच्या दुर्बिणीने आपल्या विवराचा फोटो काढला का? नाही. पण पत्ता लावला आहे. सुभाशिष रॉय आणि प्रमेश राव यांनी २००४ साली प्रसिद्ध केले की ६२० मेगाहर्ट्झवर हे विवर खोडदला टिपता आले. १,००० मेगाहर्ट्झच्या खाली ते त्याआधी नीट सापडत नव्हते. टिपले म्हणजे एक ठिपका टिपला, कडे नव्हे. कडे का नाही, ते त्रैराशिकाने पाहू.

एक हाताची लहर आणि २५ किलोमीटरचा पसारा असेल, तर चंद्रावरच्या साधारण साडेसात किलोमीटरच्या आतल्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत, एकच वाटतात. आपल्या विवराचे कडे आकाशात केवढे दिसते? चंद्रावर ठेवलेल्या ९ सेंटिमीटरच्या मोसंब्याएवढे! साडेसात किलोमीटर म्हणजे ७,५०,००० सेंटिमीटर. त्याला ९ ने भागले की सुमारे ८३,०००. म्हणजे पसारा ८३,००० पट हवा. २५ गुणिले ८३,००० बरोबर २०,७५,००० किलोमीटर. चंद्र आपल्यापासून ३,८४,००० किलोमीटरवर. चंद्राच्या पाचपट लांब तबकडी नेऊन ठेवायची! फळ्यावर हे उत्तर आले तेव्हा सगळा वर्ग हसला. भरीला भर म्हणजे वाटेतला वायू लांब लहरींना विस्कटतो. ताम्हिणीच्या धुक्यात गाडीचा दिवा मोठा पण पुसट दिसतो, तसे होते.

पण त्रैराशिकाला दुसरी बाजू आहे. पसारा वाढवता येत नसेल तर लहर लहान घ्या. शास्त्रज्ञांनी १.३ मिलिमीटरची लहर निवडली. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. ती एक हाताच्या लहरीपेक्षा सुमारे ३७० पट लहान. २०,७५,००० ला ३७० ने भागा. उत्तर सुमारे ५,६०० किलोमीटर. पृथ्वीचा व्यास १२,७४२. म्हणजे काम पृथ्वीवरच भागले! ही राजगिऱ्याची लहर खोडदच्या जाळीतून मात्र गळून जाईल. तिला गुळगुळीत तबकडी लागते. आणि हवेतली वाफ तिला गिळते, त्यामुळे कोरडी उंच जागा लागते. आपल्या मुळशीच्या पावसात ती दुर्बीण ठेवली तर काय दिसेल ते सांगायला नको. चिलीमधली जागा सुमारे ५,००० मीटर उंचीवर आहे, कळसूबाईच्या तिप्पट.

एप्रिल २०१७ मध्ये चिली, हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, स्पेन आणि दक्षिण ध्रुव अशा सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणी एकाच वेळी रोखल्या. या जोडदुर्बिणीचे नाव इव्हेंट होरायझन टेलिस्कोप. खोडदला तबकड्यांच्या लहरी केबलने मधल्या इमारतीत येतात. इथे समुद्रापार केबल कशी पुरणार? प्रत्येक ठिकाणी अणुघड्याळाची वेळ लावून सगळे डिस्कवर साठवले. एवढी माहिती झाली की इंटरनेटवरून पाठवण्यापेक्षा डिस्का विमानात घालून नेणे सोपे पडले. दक्षिण ध्रुवावर तर हिवाळ्यात विमानच उतरत नाही. तिथल्या डिस्का डिसेंबरात पोचल्या. तोवर सगळे वाट पाहत बसले. पहिला फोटो १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झाला. तो एम-८७ या दूरच्या दीर्घिकेतल्या विवराचा. ते साडेपाच कोटी प्रकाशवर्षे लांब, पण साडेसहाशे कोटी सूर्यांइतके जड, म्हणून दिसायला जवळजवळ आपल्याएवढेच. आपल्या आकाशगंगेतल्या विवराचा, म्हणजे तक्त्यावरचा फोटो, १२ मे २०२२ रोजी आला. तीन वर्षे जास्त लागली, कारण त्याच्याभोवतीचा वायू काही मिनिटांत फेरी मारतो. फोटोच्या वेळी लहान मूल हलते ना, तसे.

आता आजोबांचा खरा प्रश्न. खोडदला ४३५ जोड्या. इथे सहा ठिकाणांच्या जोड्या किती? ६ गुणिले ५ भागिले २, फक्त १५! पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी विवराकडे वेगवेगळ्या तिरक्याने पाहते आणि एका ठिपक्याची रेघ होते, तेवढीच भर. तरी रांगोळीत मोकळ्या जागा पुष्कळ राहतात. थोड्या ठिपक्यांवरून आई एक रांगोळी काढील, मावशी दुसरीच काढील. आणि ज्याच्या मनात आधीच कडे आहे तो कडेच काढील. आजोबांची शंका अशी तशी नाही. ती शंका त्या शास्त्रज्ञांनाही होती.

त्यांनी काय केले? एम-८७ ची माहिती घेऊन चार गट केले. प्रत्येकाने चित्र वेगळे काढायचे, दुसऱ्या गटाशी एक शब्द बोलायचा नाही. परीक्षेला गुरुजी आम्हाला एकाआड एक बसवतात, तसेच. सात आठवड्यांनी, जुलै २०१८ मध्ये, चारही चित्रे शेजारी ठेवली. चारांतही कडेच! आकार जवळजवळ सारखा, आणि खालची बाजू जास्त उजळ. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. संगणकाला मुद्दाम खोटी माहिती दिली. कधी भरीव थाळीची, कधी दोन ठिपक्यांची. जी पद्धत थाळीचेही कडे करून दाखवील ती नापास. ज्या पद्धतींनी थाळीला थाळी आणि कड्याला कडे म्हटले, त्यांचेच चित्र घेतले.

आपल्या विवराच्या वेळी तर हजारो चित्रे निघाली. बहुतेकांत कडे होते, थोड्यांत नव्हते. ती थोडीसुद्धा त्यांनी लपवली नाहीत, छापली. मला ही गोष्ट सर्वांत आवडली. शिवाय ताऱ्यांच्या फेऱ्यांवरून वजन आधीच माहीत होते. आइन्स्टाइनच्या नियमाने त्या वजनाला कडे केवढे असावे ते काढता येते. फोटोतले कडे तेवढेच निघाले.

आणि एम-८७ चा फोटो २०१८ साली पुन्हा घेतला. या वेळी ग्रीनलंडची नवी दुर्बीणही जोडीला होती. तो जानेवारी २०२४ मध्ये आला. कडे तेवढ्याच मापाचे, फक्त उजळ भाग थोडा सरकलेला. वायू फिरतो, तेव्हा तो सरकायलाच हवा.

मग खोडद मागे पडले का? मुळीच नाही. बारीक लहरीने विवराचे दार दिसते, लांब लहरीने विवराने बाहेर फेकलेला पसारा दिसतो. २०१५ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी खोडदच्या दुर्बिणीने तिमिंगल तारकासमूहाच्या दिशेला एक प्रचंड रेडिओ दीर्घिका शोधली. तिच्या मधल्या विवराने दोन्ही बाजूंना टाकलेले झोत मिळून टोकापासून टोकापर्यंत सुमारे ४० लाख प्रकाशवर्षे पसरले आहेत. झोत आता बंद पडले आहेत, मागे राहिलेला पसारा हळूहळू मंद होतो आहे. चूल विझल्यावर घरात धूर रेंगाळतो तसा. असा विझता पसारा लांब लहरींनाच दिसतो.

हे सगळे मी काल रात्री आजोबांना वाचून दाखवले. चार गटांची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग विचारले, "दुसऱ्या वर्षी पुन्हा काढला, तरी माप तेवढंच आलं म्हणतेस?"

"हो आजोबा."

"मग असंल," असे म्हणून ते अंगणात गेले आणि धनू रास कुठे दिसते ते मला विचारू लागले. सध्या ती पहाटे दक्षिणेला, विंचवाच्या नांगीच्या डावीकडे दिसते. ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाऊस लागायच्या आत पाहून घ्यावी.

शेजारी खोडदच्या तबकडीचे चित्र मी काढले आहे. जाळीच्या रेघा कमी पडल्या आहेत, त्या मोजू नयेत.